घुबड, दाढ आणि विमान

चौथ्या चित्राचा विषय निघाला होता आणि टाळला गेला होता. डॉक्टरीणबाईंना हे पुढे कितीही नाकबूल करावंसं वाटलं तरी ते शक्य नव्हतं, कारण विषय काढणाऱ्या त्याच होत्या आणि तो टाळू देणाऱ्याही त्याच.

"ताईंसाठी कुठलं चित्र घेऊ, दादा?" त्यांनी बुधवारी मोठ्या दिरांना फोनवर विचारलं होतं.

"ताईला कशाला?"

"म्हणजे, त्यांचाही वाटा असणारच ना."

"अहो, ताई घरातच आहे. तिला कुठे काय न्यायचंय?"

"पण घरच जातंय ना, दादा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला. "ते आपण बसून ठरवू. तुम्ही तीन काढा, डॉक्टरीणबाई. आणि ते निघणारे कागद आणू नका हं. पक्क्या चिकटीचे आणा. निघणारे असले की माणसं रोज मत बदलतात."

त्यांनी 'बरं' म्हटलं होतं. एका 'बरं'मध्ये किती गोष्टी पुरता येतात याचा हिशेब या घरातल्या सुनांनी कधी ठेवला नाही, म्हणून तर हे घर इतकी वर्षं सुसंस्कृत म्हणवून घेऊ शकलं.

सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचा चष्म्यांचा धंदा आणि त्यांचा संसार ज्या चार खोल्यांत एकमेकांत मिसळून गेला होता, त्या महिनाअखेरीस नव्या मालकाच्या ताब्यात जायच्या होत्या. खोल्यांचं काय ते कागदोपत्री ठरलं होतं. उरल्या होत्या वस्तू. मागच्या बैठकीत एका आरशाच्या कपाटावरून धाकटी नणंद बेबी रडली, डॉक्टरीणबाईंचे यजमान, डॉक्टर, उठून गॅलरीत गेले, आणि चौतीस वर्षं अभिलेख कार्यालयात काढलेल्या दादांनी तोडगा सुचवला: प्रत्येकाला पन्नास स्टिकर, जी वस्तू हवी तिच्यावर आपापला लावायचा, एकाच वस्तूवर दोघांचे लागले तर चिठ्ठ्या, एकदा लावलेला काढायचा नाही. भांडणाला पद्धत दिली की त्याला व्यवहार म्हणतात, आणि व्यवहाराला रंगीत चित्र चिकटवलं की त्याचा खेळ होतो. माणसाच्या इतिहासातले कितीतरी अन्याय याच दोन पायऱ्या चढून दिवाणखान्यात आले आहेत.

स्टिकर डॉक्टरीणबाईंनी करायचे हे कुणी ठरवलंसुद्धा नाही. दंतवैद्याशी लग्न केल्यामुळे मिळालेलं हे नाव सोडलं तर त्यांचा वैद्यकाशी संबंध नव्हता. बालवाडीतली नोकरी सुटल्यापासून त्या घरीच मुलांच्या डब्या-बाटल्यांवरची नावं नि चित्रं छापत. दादांनी सिंह मागितला. सिंहाची आयाळ कातरत बसायची ताकद नव्हती, म्हणून त्यांनी घुबड दिलं आणि ते विद्वत्तेचं असतं असं सांगितलं. नवऱ्याला दाढ. सदा परगावी परिषदांना जाणाऱ्या बेबीला विमान.

तीन दिवस त्यातच गेले. छापायचा व्हिनाइल कागद घरचा प्रिंटर एकावेळी एकच नीट ओढतो. दोन ठेवले की दुसरा तिरका जातो आणि घुबडाचा एक डोळा पुढच्या घुबडाच्या पोटात उतरतो. छापलेला कागद लगेच हाताळला तर शाई पुसते, म्हणून पलंगावर, ओट्यावर, इस्त्रीच्या टेबलावर सगळीकडे घुबडं वाळत पडली होती. मग वरून पारदर्शक पापुद्रा. त्याखालचे बुडबुडे जुन्या वाचनालयाच्या कार्डाच्या कडेने मधून बाहेर ढकलत न्यायचे. मग कात्री. दाढ गोल असते, हातासरशी निघते. विमानाचे पंख जीव खातात. आणि पन्नास घुबडांना शंभर कान असतात. नव्वदाव्या कानाशी आल्यावर त्यांना वाटलं, चौथं चित्र नाही तेच बरं झालं. मग आपल्याला असं वाटलं याची त्यांना शरम वाटली. मग उरलेले दहा कान त्यांनी कापले.

*

रविवारी सकाळी दहाला तिघं भावंडं आपापले स्टिकर घेऊन घरभर फिरत होती.

दादांच्या हातात यादी होती. डॉक्टर प्रत्येक वस्तू आधी उचलून तिचं वजन बघत, जणू दुखरा दात हलतोय का ते पाहताहेत. बेबी वस्तूंशी बोलत होती. "अगं बाई, हे स्टूल," म्हणत तिनं स्टुलाला विमान लावलं. बेबी प्राध्यापिका. मागच्या बैठकीत मुलींच्या समान हक्कांवर ती दीड तास बोलली होती, तेही इतकं सप्रमाण, की दादांनी पन्नास विमानं मुकाट्यानं मान्य केली. तिच्या भाषणात 'मुली' हा शब्द अनेक वेळा आला होता. त्या अनेकवचनात आपली थोरली बहीणही येते, हे वक्त्याच्याही लक्षात आलं नव्हतं आणि श्रोत्यांच्याही.

थोरली बहीण पुढच्या खोलीत काम करत होती.

आयुष्याच्या शेवटच्या बावीस वर्षांत आप्पांनी गिऱ्हाइकांशी गप्पा मारल्या आणि ताईनं काचा घासल्या. पाटीवर नाव आप्पांचं होतं. आजही खिडकीजवळच्या टेबलावर ते करडं यंत्र घरघरत होतं. आत दगडाचं चाक, वरून पाण्याची बारीक धार, आणि चाकाला टेकवलेली काच हळूहळू फ्रेमच्या आकाराची होत होती. समोरच्या बाकावर शाळेच्या बसचा ड्रायव्हर चष्म्यावाचून बसला होता, आणि चष्म्यावाचून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसला सरसकट सौजन्याचा भाव त्याच्या चेहऱ्यावर होता.

डॉक्टर आत आले, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि त्याच्या अंगावर दाढ चिकटवली.

"कवळ्या घासायला बरं पडेल," ते कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाले.

"हात काढ, पाणी उडतंय," ताई म्हणाली.

मागोमाग बेबी आली. "हे मला हवंच हं. आप्पांची आठवण. हॉलच्या कोपऱ्यात काय सुंदर दिसेल, वर एखादी कुंडी ठेवली की." दाढेशेजारी विमान लागलं.

"बेबी, बाही सांभाळ. चाक फिरतंय."

"हो गं. तू काम कर. तुला त्रास नाही देत आम्ही."

दादा सर्वांत शेवटी आले. त्यांनी यादी पाहिली, यंत्राकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं नाही, आणि विमानाच्या खाली घुबड लावून त्यावरून तीनदा अंगठा फिरवला.

"तुला कशाला रे?" डॉक्टरांनी विचारलं. "तू काय घासणार, फायली?"

"कारण द्यायचं असा नियम नाही."

"नाही, पण कुतूहल."

"तिघांचे लागले. चिठ्ठ्या निघतील." दादांनी यादीत खूण केली.

ड्रायव्हर डोळे बारीक करून पाहत होता. "बाई, हे काय चाललंय म्हणायचं?"

"वाटणी," ताई म्हणाली. काच उचलून तिनं उजेडात धरली आणि पुन्हा चाकाला टेकवली.

"अच्छा. आणि ते खालचं काय, वटवाघूळ?"

"घुबड," दादा म्हणाले.

"माफ करा साहेब, चष्मा नाहीये." तो समजूतदारपणे हसला. मग ज्याला काहीच नीट दिसत नव्हतं त्या माणसानं विचारलं, "आणि बाई, तुमचं चित्र कुठलं?"

यंत्र घरघरत राहिलं. डॉक्टरीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या.

तिथं थोडा वेळ मिळाला होता. कुणीही काहीही म्हणू शकलं असतं. तेवढ्यासाठीच तर माणसं भाषा शिकतात. डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं, बेबीनं डॉक्टरांकडे, दादांनी यादीकडे.

"त्यांचं छापलंच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे?" बेबीनं विचारलं.

"तीनच छापली."

"वहिनी, असं कसं विसरलात तुम्ही?"

"विसरले नाही. विचारलं होतं. नको म्हणाले."

"कोण?"

डॉक्टरीणबाईंनी ट्रे खाली ठेवला. त्यांना आता कुणाचं नाव घ्यायचाही कंटाळा आला होता. "मीही बरं म्हटलं. तेव्हा कोण म्हणून काय विचारायचं."

"मी 'नको' म्हणालो नव्हतो," दादा म्हणाले. "मी म्हणालो, बसून ठरवू."

"मग बसलो कधी?" डॉक्टर म्हणाले.

"तू गॅलरीत होतास."

"मला वाटलं, तुझं नि ताईचं बोलणं झालंय."

"मला वाटलं, बेबीनं मांडलं असणार. एवढा दीड तास."

"म्हणजे माझ्यावर?" बेबीचा आवाज चढला. "मी तत्त्वाचं बोलत होते. घरातलं तुम्ही बघायचं ना!"

"कुणी बघितलं नाही असं नाही," दादा म्हणाले. "ताईची सोय माझ्या डोक्यात पक्की आहे. चार महिने माझ्याकडे, चार डॉक्टरकडे, चार बेबीकडे. मग तिला वेगळ्या सामानाची गरज काय? तिन्ही घरांत सगळं आहे."

"चार महिने?" डॉक्टर म्हणाले. "दादा, आमच्याकडे खोली कुठाय? दवाखान्याच्या मागे एक्स-रेचं मशीन आलंय."

"आणि मी वर्षातले पाच महिने बाहेर असते," बेबी म्हणाली. "ताई एकटी पडेल. मला तिच्यासाठी वाईट वाटतं."

ताईनं यंत्र बंद केलं. आवाज थांबल्यावर तो किती मोठा होता ते कळलं. तिनं काच पुसली, फ्रेमच्या खाचेत बसवली, फ्रेम गरम हवेच्या नळीखाली धरून थोडी वाकवली आणि बाकाशी जाऊन ड्रायव्हरच्या कानांवर चढवली.

"टोचतंय?"

"डावीकडे जरा."

तिनं चष्मा काढला, दांडी पुन्हा गरम केली, पुन्हा घातला. या घरात त्या सकाळी एका माणसाला काय टोचतंय हे विचारलं गेलं आणि त्याचं उत्तर ऐकूनही घेतलं गेलं.

ड्रायव्हरनं सगळ्यांकडे नीट पाहिलं. चष्मा लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावरचं सौजन्य कमी झालं. "घुबडच आहे," एवढं म्हणून तो उठला आणि गेला.

"मला महिन्यांत वाटलंत, ठीक आहे," ताई हात पुसत म्हणाली. "पण यंत्र कुठल्या चार महिन्यांत असणार ते सांगा. कुंडीखाली की कवळ्यांत?"

"ताई, तू अजून काम करणार आहेस?" बेबीला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "या वयात?"

"कोपऱ्यावरचा शिंपी अर्धं दुकान देतोय. खिडकीकडचं. वर पोटमाळ्याची खोली आहे, जिना सरळ आहे. पहिल्या तारखेपासून येते म्हटलंय मी त्याला."

"आम्हाला विचारलं नाहीस," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही चित्रं निवडत होतात."

ती हे चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देण्याची या घराला सवय होती. पण ती दमलेली होती. बावीस वर्षं इतरांची नजर सुधारण्याचं काम केलेल्या बाईचा तो थकवा होता.

"भावनेचं मी समजू शकतो," दादा म्हणाले. "पण नियम सगळ्यांनी मान्य केलेत. तीन लागलेत, चिठ्ठ्या निघणार."

डॉक्टरीणबाई पुढे झाल्या. "ताई, ती गरम हवेची नळी घेऊ का जरा?"

"घे. बोट भाजेल, लांबून धर."

त्यांनी नळी दाढेवर धरली. पक्क्या चिकटीचं व्हिनाइल नखानं ओढलं तर फाटतं, पण ऊब लागली की मऊ पडतं, हे त्यांना बालवाडीतल्या नावाच्या पट्ट्यांवरून माहीत होतं. कड सुटली. त्यांनी ती चिमटीत धरून हळूहळू मागे ओढली.

"अगं, ती माझी आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"मला विचारलंस?"

"नाही." दाढ सबंध निघाली. त्यांनी ती नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला चिकटवली. "कवळ्या तुम्ही आजवर बाहेरूनच करून आणता. यापुढेही आणाल."

डॉक्टर काहीतरी बोलणार होते. पण सत्तावीस वर्षांच्या संसारात बायकोनं चारचौघांत त्यांच्या वस्तूला पहिल्यांदाच हात लावला होता. ते खिशावरच्या दाढेकडे पाहत राहिले.

"म्हणजे आता मीच वाईट ठरणार," बेबी म्हणाली. "काढा, वहिनी. माझंही काढा. मला कुंडी कुठेही ठेवता येईल." आणि विमान निघत असताना ती ताईकडे पाहून म्हणाली, "मला खरंच सुचलं नाही गं."

"माहीत आहे."

"रागावलीस?"

"नाही. तू जा, आतलं कपाट बघ. आरशाचं. तुझ्याशिवाय कुणी लावलं नाहीये त्याला."

बेबी डोळे पुसत आत गेली. डॉक्टरही गेले, कारण डॉक्टरीणबाईंनी चहाचा ट्रे त्यांच्या हातात दिला होता.

यंत्रावर घुबड उरलं.

*

नियमाप्रमाणे यंत्र आता दादांचं होतं. चिठ्ठीचीही गरज नव्हती.

ते खिडकीजवळच्या बाकावर, जिथं ड्रायव्हर बसला होता तिथंच, यादी मांडीवर घेऊन बसले. तीन खोल्यांचं घर त्यांचं. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. सकाळी टीव्ही लावायचा, म्हणजे घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं. रात्री बंद करायचा. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो पत्रं पाठवली होती, ज्यांचं उत्तर देणं समोरच्याला भाग होतं. ज्याला 'नाही' असं उत्तर येऊ शकतं असा प्रश्न मात्र त्यांनी नोकरीत विचारला नव्हता आणि घरातही नाही. मागच्या बैठकीला यादीसाठी म्हणून ते टेप घेऊन आले, तेव्हा त्यांनी या टेबलाची उंची मोजून नेली होती. सोमवारी प्लंबर येऊन गेला. चार महिन्यांची वाटणी ही केवळ मांडणी होती. धाकटी दोघं अंग काढून घेतील याची त्यांना खात्री होती, आणि यंत्र आपल्याकडे असलं की बाकीचं ओघानं येईल असा त्यांचा अंदाज होता. त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला होता. फक्त ताईच्या बाजूनं करायचा राहिला.

ताई टेबल पुसत होती. काचेचा पांढरा चिखल तिनं फडक्यानं गोळा केला.

"नळ बसवून घेतलाय," दादा म्हणाले.

"कुठे?"

"माझ्याकडे. मागच्या गॅलरीत. या टेबलाच्या उंचीवर. पाणी लागतं ना याला."

ताईचा हात थांबला. तिनं घुबडाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"कवळी नाही, कुंडी नाही," ती म्हणाली. "तुला यंत्र नकोच आहे तर."

दादांनी यादीची कड सरळ केली.

"विचारायचं होतंस."

"आली असतीस?"

"नाही."

"मग?"

"मग काय. विचारलेलं असलं असतं."

आत बेबी आणि डॉक्टर एका सतरंजीवरून हळू आवाजात बोलत होते. डॉक्टरीणबाई दारापर्यंत आल्या आणि परत गेल्या.

"एकदा लावलेला काढायचा नाही, हा नियम माझाच," दादा म्हणाले. त्यांना बहुधा आधार हवा होता, आणि हाताशी तेवढाच होता.

"असू दे. ने मग यंत्र."

"तू काय करशील?"

"शिंप्याकडे काज-बटणं करीन. डोळे आहेत अजून."

दादांनी यादी बाकावर उपडी ठेवली. ते उठले, गरम हवेची नळी हातात घेतली आणि ती कशी चालू करायची ते न कळून तशीच धरून उभे राहिले. ताईनं बटण दाबलं. त्यांनी फार जवळून धरली. घुबडाच्या वरचा पापुद्रा आक्रसला, एक कान वर आला. "लांबून," ती म्हणाली. त्यांनी लांबून धरली. नखानं कड उचलायला त्यांना बराच वेळ लागला. मध्येच ते फाटलं, धड हातात आलं आणि डोकं यंत्रावर राहिलं. मग डोक्यासाठी पुन्हा ऊब, पुन्हा नख. ताईनं मदत केली नाही. ती शेजारी स्टुलावर, बेबीच्या विमानावर, बसून राहिली आणि बघत राहिली.

शेवटचा तुकडा निघाला तेव्हा यंत्राचा रंग तिथं रुपयाएवढा उडाला होता. घुबड दादांच्या बोटांना चिकटलं होतं. एका हाताचं सोडवलं की दुसऱ्या हाताला लागत होतं.

"पुढच्या रविवारी जेवायला येशील?" त्यांनी बोटांकडे बघत विचारलं.

"स्वयंपाक कोण करणार?"

"मी."

"येतो तुला?"

"नाही."

ताईनं विचार केला. तिला खरंच विचार करावा लागला. "येईन," ती म्हणाली. "दहाला येईन, म्हणजे काहीतरी होईल. पण संध्याकाळी परत जाणार."

"हो."

"राहा म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार." दादांनी एक बोट सोडवलं. "रिक्षा कुठली सांगू? म्हणजे, परत कुठे सोडायला सांगू?"

"माझ्या घरी," ताई म्हणाली.